मनाचे दुखणे आणि खिशातले पैसे

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर मंडळाला पंधरा मिनिटे मिळतात आणि दरवर्षी आम्ही मुलींच्या शिक्षणावर बोलतो. यंदाचा विषय वेगळा आहे. तो आम्हाला कोणी नेमून दिलेला नाही. एका रविवारी वंदना आटोपून सगळे दारात चपला शोधत होते, तेव्हा एक बाई मागे रेंगाळली. गर्दी पांगल्यावर आमच्यापैकी एकीजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, स्वस्तातला डोक्याचा डॉक्टर कुठं असतो का हो?" कोणासाठी पाहिजे म्हणून विचारले, तर म्हणाली, शेजारणीसाठी. ते शेजारणीसाठी नव्हते. हे आम्हाला तीन महिन्यांनी कळले.

आम्ही तिला त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही, ही खरी लाजेची गोष्ट. जात पडताळणीचा अर्ज कसा भरायचा, शिष्यवृत्ती अडकली तर कुठे जायचे, रेशनकार्डावर नाव कसे चढवायचे, हे आम्हाला झोपेतून उठवून विचारा. आपल्या चळवळीने ते शिकवले आहे. पण मन आजारी पडले तर गरिबाने कुठे जायचे, हे आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हते. तेव्हा आम्ही चौघीजणी पदर खोचून निघालो. घाटकोपर, मुलुंड, ठाणे, अंधेरी, कांदिवली अशी पायपीट केली. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी पैशाचे बोलू. उपनगरात खाजगी समुपदेशकाकडे, म्हणजे काउन्सेलरकडे, पाऊण तास बसायचे तर आम्ही विचारले तिथे हजारापासून दोन हजारांपर्यंत फी सांगितली. कोणी त्याहून जास्त. आता तुम्ही म्हणाल, एकदा जाऊ, पोराच्या जिवासाठी हजार रुपये काय जड आहेत? पण हे काम एकदा जाऊन होत नाही. दात काढून आले की सुटलो, तसे इथे नाही. दर आठवड्याला जायचे, दोन-चार महिने तरी जायचे. म्हणजे महिन्याला चार ते आठ हजार. चार घरची भांडी घासणाऱ्या बाईचा तो पगारच झाला. पहिली भेट सगळ्यांना परवडते हो, चौथी परवडत नाही. आणि चौथीपर्यंत गेल्याशिवाय गुण दिसत नाही. आम्ही पाहिलेली बहुतेक माणसे पहिल्या आणि चौथ्या भेटीच्या मध्ये कुठेतरी गळाली.

आणि एक दुसरा हिशेबही सांगतो, राग आला तर येऊ द्या. बावीस प्रतिज्ञा आपल्या सगळ्यांच्या तोंडपाठ आहेत. तरी घरातली सून बडबडायला लागली की आडवाटेने कोणा बाबाकडे जाणारी घरे आपल्याच वस्तीत आहेत. एका घराने असल्या बाबाला अकरा हजार मोजले. २०१३ साली आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जन्म घालवला आणि जीवही गेला. त्या अकरा हजारांत किती महिन्यांची औषधे आली असती, याचा हिशेब त्या घरातल्या आजीने आम्हाला नंतर बोटांवर मोजून दाखवला.

पण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आमची स्वतःची चूक सांगणे भाग आहे. वस्तीतला एक मुलगा, बी.कॉम. झालेला, टाळेबंदीत नोकरी गेली. २०२० चे ते साल. मग तो रात्र रात्र जागा राहू लागला. भिंतीपलीकडचे लोक माझ्याबद्दल बोलतात, म्हणू लागला. आई रडत आमच्याकडे आली. आम्ही काय सांगितले? "त्याला दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला पाठवा, मन शांत होईल." फॉर्मवर मानसिक आजाराविषयी विचारलेले होते. तो रकाना रिकामा सोडायलाही आम्हीच सांगितले, नाहीतर घेणार नाहीत म्हणून. चौथ्या दिवशी निरोप आला, मुलाला घेऊन जा. दहा दिवस मौन, फोन नाही, बोलायचे नाही, आणि ज्याच्या कानात आधीच आवाज येत होते त्याला आम्ही त्या शांततेत एकटा सोडला होता. विपश्यना केंद्रांच्या नियमावलीतच लिहिलेले असते की गंभीर मानसिक आजारावर हा इलाज नव्हे. आम्ही वाचले नव्हते. तो मुलगा आज औषधावर आहे, एका दुकानात हिशेब लिहितो, आणि आम्हाला जयभीम घालतो. त्याच्या आईची नजर मात्र आम्हाला अजून चुकवता येत नाही.

यावर आमचे काही वडीलधारे म्हणतात, भगवान बुद्धांनी मनाचेच औषध सांगितले, मग डॉक्टर कशाला? आम्ही नम्रपणे एवढेच म्हणतो की स्वतः तथागत आजारी पडले तेव्हा त्यांनी जीवक वैद्याचे औषध घेतले. ध्यान आहे, त्याचा उपयोगही आहे, आमच्यातल्या दोघी नित्य बसतात. पण ज्याला ताप आहे त्याला आधी तापाची गोळी.

दुसरे वडीलधारे म्हणतात, "आमच्या वेळी कुठं होतं असलं काही? आम्ही नाही जगलो?" जगलात, खरे आहे. पण सगळेच जगले नाहीत. ११ जुलै १९९७ ला आपल्या घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, दहा माणसे गेली. त्यानंतर चार-पाच दिवसांतच मुलुंडच्या आपल्या झोपडीत शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. त्यांच्या मरणाला आजार म्हणण्याचे पाप आम्ही करणार नाही. ते दुःख होते, संताप होता, निषेध होता. आम्ही फक्त इतके विचारतो की त्या आठवड्यात, ज्या घरांच्या दारात माणसे पडली, त्या घरांतल्या बायकापोरांजवळ कोणी येऊन बसले का? वकील आले, पुढारी आले, पत्रकार आले. पुढे चौकशी आयोगही आला. रात्री दचकून उठणाऱ्या पोरासाठी कोणी आले नाही. फटाका वाजला तरी अंगावर काटा येतो, असे सांगणाऱ्या बाया आज आजी झाल्या आहेत.

आता कुठे जायचे ते सांगतो. वह्या-पेन काढले तरी चालेल.

पहिली जागा महानगरपालिकेचे रुग्णालय. घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर, आणि शहरात उतरलात तर शीव, केईएम, नायर. या ठिकाणी मनोविकार विभाग आहे. कूपर, शीव, केईएम आणि नायरला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले असल्याने तिथे शिकणारे डॉक्टर जास्त, म्हणून विचारपूसही जरा सविस्तर होते. केसपेपरचे पैसे वडापाव-चहाइतके. ओपीडी सकाळची असते. वार मात्र आधी विचारून जा, कारण हेलपाटा झाला की माणूस दुसऱ्यांदा निघत नाही. खिडकीवर "सायकियाट्री" म्हणा, नाही म्हणता आले तर "मनाचा विभाग" म्हणा, ते समजतात. रुग्णालयात असतील ती औषधे तिथेच मिळतात. बाहेरची लिहून दिली तर डॉक्टरांना सांगा, औषधाचे मूळ नाव लिहा, कंपनीचे नको, म्हणजे जनऔषधीच्या दुकानात बऱ्याच कमी किमतीत मिळते.

तिथला डॉक्टर तुम्हाला पाच-सात मिनिटे देईल. बाहेर शंभर माणसे उभी असतात, त्याचा दोष नाही. पण पाच मिनिटांत गोळी लिहून होते, पोटातले बोलून होत नाही. म्हणून तिथे एक वाक्य विचारायचे, ते आम्ही सगळ्यांकडून पाठ करून घेतो: "डॉक्टर, बोलण्यासाठी सायकॉलॉजिस्टकडे पाठवाल का?" विचारले तर पाठवतात. न विचारता क्वचित. शिवाय मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक बसतात. पैशाची अडचण त्यांच्यापुढे मांडायची.

हे सगळे सुरळीत होते असे समजू नका. एका रुग्णालयात, नाव घेत नाही, आमच्या एका भगिनीला रांगेतच सगळ्यांसमोर मोठ्याने विचारले, "काय होतंय? वेड्यासारखं करता का?" ती पेपर तिथेच टाकून घरी आली. तिला पुन्हा न्यायला आम्हाला दोन महिने लागले. दुसऱ्या खेपेला आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो आणि खिडकीवर आम्हीच बोललो.

दुसरी जागा ठाणे. हसू नका. आपल्याकडे पोरगा हट्ट करायला लागला की आई म्हणते, "याला ठाण्याला टाकलं पाहिजे." ते ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालापासून आहे, सरकारी आहे, आणि तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. म्हणजे सकाळी जायचे, तपासून, औषध घेऊन संध्याकाळी घरी. दाखल व्हावे लागत नाही. मुलुंडकरांना तर ते शिवेवरच. आम्ही गेलो तेव्हा पाय लटपटत होते, खोटे कशाला बोला. आत गेलो तर आपल्यासारखीच माणसे डबे घेऊन बसलेली. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्थाही आहे. तिथे मराठीतून बोलता येते, हे आपल्या आयाबायांसाठी फार मोठे आहे. इंग्रजीत रडता येत नाही ना कोणाला.

तिसरी गोष्ट कारखान्यात, हॉटेलात, सिक्युरिटीत काम करणाऱ्या भावांसाठी. पगारातून ईएसआयचे पैसे कापले जातात ना? मग कार्ड पाकिटात ठेवून काय उपयोग? २०१७ साली या योजनेची पगाराची मर्यादा २१ हजार केली, म्हणजे आपल्यातले पुष्कळ जण त्यात आले. कांदिवली आणि मुलुंडला कामगार विमा रुग्णालये आहेत. मनाचा आजारही त्यात येतो. डॉक्टर ज्याला सायकोसिस म्हणतात तसला लांबणारा आजार असेल तर, काही अटी पुऱ्या होत असल्यास, रजेच्या काळात पगाराचा मोठा हिस्साही मिळू शकतो. शाखा कार्यालयात चौकशी करा. आमच्या एका भावाने सहा वर्षे पैसे भरले आणि आजारपणात खाजगीत कर्ज काढले. कार्डाचे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

दारूचे काय, असा प्रश्न येणारच. गटारात उतरून काम करणाऱ्या माणसाला दारूवर व्याख्यान देण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा उपनगरात भरतात. तिथे फी नसते, नाव-आडनाव विचारत नाहीत. नवरा यायला तयार नसेल तर त्याच्या बायकोसाठी अल्-अनॉन नावाच्या वेगळ्या सभा असतात. आमच्या मंडळातली एक भगिनी तिथे जाते. नवरा अजून पितो. ती आता झोपते.

आणि घरात मारहाण असेल, तर वाट वेगळी. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि सेहत संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केले, पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही ती केंद्रे निघाली. तिथे बाईशी विनामूल्य बोलतात. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तोही लक्षात ठेवा. मार खाणाऱ्या बाईला "मन शांत ठेव" सांगणारा समुपदेशक भेटला तर तिथून उठून यायचे.

उठून यायचे, हे आणखी एका बाबतीत सांगायचे आहे. आपल्या एका मुलीला कॉलेजात "कोट्यातून आलेली" म्हणून टोमणे बसत. तिने साठवलेल्या पैशांतून एका समुपदेशकाकडे दोनदा जाऊन हे सांगितले. उत्तर मिळाले, "आता जात कुठं राहिलीय? तू फार मनावर घेतेस." पैसे गेले ते गेले, मुलगी तीन महिने कोणाशी बोलेना. तेव्हा मुलींनो, एक माणूस समजून घेत नाही म्हणजे उपचारच खोटा, असे नाही. चप्पल चावली तर चप्पल बदलतो, चालणे सोडत नाही. पहिल्याच भेटीत विचारा, "जातीविषयी बोललेले तुम्हाला चालेल ना?" चेहऱ्यावरून कळते. दिव्या कंदुकुरी यांनी बहुजनांसाठी सुरू केलेल्या 'ब्लू डॉन' या गटाचे कामच हे आहे की आपल्या माणसांना समजून घेणारा आणि परवडणारा समुपदेशक गाठून द्यायचा.

खाजगीत जायचेच असेल तर मान खाली घालू नका. बरेच समुपदेशक महिन्यात काही जागा कमी फीच्या ठेवतात, पण पाटीवर ते लिहीत नाहीत. "कमी फीची जागा आहे का, पंधरा दिवसांनी एकदा आले तर चालेल का," असे सरळ विचारा. भाजीवाल्याशी आपण दोन रुपयांसाठी बोलतोच की. शिक्षणही विचारा. काउन्सेलरची पाटी आज कोणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो नंबर मागा. आणि ध्यानात ठेवा, औषध समुपदेशक लिहीत नाही, मानसोपचारतज्ज्ञ लिहितो, तो एम.बी.बी.एस. करून पुढे शिकलेला डॉक्टर असतो. उदासीच्या गोळ्या लागू पडायला दोन ते चार आठवडे जातात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून आपल्या मनाने बंद करू नका, आणि बरे वाटले म्हणूनही बंद करू नका.

कायद्याचेही दोन शब्द. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मनाचे उपचार मिळणे हा हक्क आहे, आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना ते विनामूल्य. तुमचा आजार तुमच्या परवानगीशिवाय चारचौघांत सांगता येत नाही. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला तो कायदा गुन्हेगार न मानता तणावाखालचा माणूस मानतो. म्हणून अशा वेळी पोलिसांच्या भीतीने घरात दडवून ठेवू नका, आधी दवाखाना.

शेवटी फोन. १४४१६. हा नंबर सगळ्यांनी आत्ताच मोबाईलमध्ये घाला. टेली मानस त्याचे नाव, केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीतून बोलतात, गरज पडली तर पुढे डॉक्टरकडे जोडून देतात. रजा नको, गाडीभाडे नको. आम्हाला वाटले, सापडले! हेच सांगू सगळ्यांना. तीन आठवड्यांनी विचारले, किती जणांनी फोन केला? एकाने.

का, ते एका सुनेने सांगितले. "ताई, दहा बाय बाराची खोली. सासू, सासरे, दीर, आम्ही दोघं, पोरं. बोलू कुठं? संडासच्या रांगेत?" फोन फुकट आहे, पण आडोसा नाही. गॅलरीत बोलावे तर अख्खी चाळ ऐकते. पुलावर जाऊन बोलावे तर बाई एकटी पुलावर काय करते म्हणून वेगळीच चर्चा. ज्या एकाने फोन केला, तो रिक्षावाला होता. त्याने रिक्षा बाजूला लावली आणि आतच बसून बोलला.

तर आमची मागणी आता विहार समितीकडे आहे, आणि ती आम्ही सगळ्यांसमोर मुद्दाम करतो. विहाराच्या माळ्यावर वाचनालयाची छोटी खोली आहे. संध्याकाळी तिथे कॅरम चालतो. कॅरमवर आमचा राग नाही, पोरे वाईट वळणाला लागण्यापेक्षा बरे. पण मंगळवारी आणि शनिवारी, सहा ते आठ, ती खोली रिकामी हवी. आत एक खुर्ची, पाण्याचा तांब्या, आणि दाराला आतून कडी. कोण गेले, कोणाशी बोलले, याची वही ठेवायची नाही. बाहेर आमच्यापैकी एक जण जिन्यात पालेभाजी निवडत बसेल, म्हणजे कोणी वर जाणार नाही आणि कोणाला संशयही येणार नाही. पोरांनो, कॅरम त्या दोन दिवशी खाली सभागृहात लावा. दिवा आम्ही बदलून देतो.

रुग्णालयात सोबत जायचे काम मंडळाने घेतलेच आहे. दरमहा प्रत्येकी वीस रुपये काढतो, त्यातून गाडीभाडे आणि केसपेपर भागतो. बुडालेली रोजी मात्र आम्हाला भरून देता येत नाही. म्हणून ज्यांचे ठेकेदाराशी, मुकादमाशी बरे बोलणे आहे त्या भावांनी एवढे करावे, महिन्यातला एक अर्धा दिवस सोडवून द्यावा. कारण सांगू नये. पोटात दुखते म्हणावे.

ती पहिली बाई, शेजारणीसाठी विचारणारी, आज सभागृहात बसली आहे. कोण ते आम्ही सांगणार नाही आणि तुम्हीही मान वळवून शोधू नका. तिची परवा सहावी भेट झाली. वाचनालयाच्या दाराची कडी गेल्या पावसाळ्यापासून मोडलेली आहे. ती बसवून द्यायला आपल्यातला कोणी सुतारकाम करणारा भाऊ पुढे येईल काय? स्क्रू आम्ही आणून ठेवले आहेत.

जयभीम. नमो बुद्धाय.